दुखणं डिरेक्टरीला, इंजेक्शन फाईलला

संगणकाने ‘परमिशन डिनाइड’ म्हटलं की माणसं दोन तऱ्हांनी वागतात. नकार कोणाला मिळाला, कुठे मिळाला आणि का मिळाला याची चौकशी करणारी पहिली तऱ्हा. ही मुख्यतः पाठ्यपुस्तकांत आढळते. दुसरी म्हणजे ‘सीएचमॉड ७७७’ हा परवानगी बदलण्याचा आदेश टाइप करून, एंटर मारून, चहाला जाणारी. हिच्यावर आळशीपणाचा आरोप होतो, पण मला तो पटत नाही. खरा आळशी माणूस नकार ऐकून काम सोडून देतो. ७७७ मारणारा निदान हात तरी हलवतो. त्याचं चुकतं ते समजुतीत. परवानगी हा फाईलच्या अंगात मुरलेला एखादा गुण आहे आणि कमी पडला की वरून आणखी ओतता येतो, असं त्याला वाटतं. युनिक्स मात्र तिच्याकडे तसं बघतच नाही. कोण आलंय, कुठल्या वाटेने आलंय आणि काय करायला आलंय, हे तीन प्रश्न तिथे दर वेळी नव्याने विचारले जातात. ७७७ मध्ये यांतल्या एकाचंही उत्तर नाही. त्यात फक्त वैताग आहे.

हे आकडे जुन्या घराण्यातले आहेत. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्सचं पहिलं मॅन्युअल काढलं ते नोव्हेंबर १९७१ मध्ये, आणि सीएचमॉड त्यात आहे. आदेश म्हणूनही आणि सिस्टिम कॉल म्हणूनही. तेव्हा परवानगीच्या खुणा सहाच होत्या: मालकाचं वाचणं-लिहिणं, इतरांचं वाचणं-लिहिणं, फाईल चालवता येते की नाही, आणि चालवल्यावर ती मालकाच्या अधिकाराने चालावी की नाही. गट नावाचा मधला रकाना नंतर आला. आज मालक, गट आणि इतर या तिघांना प्रत्येकी वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन आणि चालवण्याचा एक असे गुण मिळतात. सगळे मिळाले की सात. म्हणजे ७७७ हा तिघांनाही पैकीच्या पैकी गुण देऊन टाकलेला निकाल. असे निकाल लागले की पालक खूश असतात, पण परीक्षा झाली होती का, हे कोणी विचारत नाही.

आपण टर्मिनलवर टाइप करतो तो आदेश म्हणजे नुसता निरोप्या. खरं काम सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नेलला (यंत्रणेच्या गाभ्याला) थेट घातलेली हाक, करतो. ६४ बिटांच्या नेहमीच्या इंटेल-एएमडी लिनक्सवर सीएचमॉड नावाचा कॉल ९० व्या क्रमांकावर बसतो आणि शेजारी ९१ वर एफसीएचमॉड. पहिल्याला फाईलचा पत्ता द्यायचा, दुसऱ्याला आधीच उघडलेली फाईल. काम झालं तर शून्य, नाही झालं तर उणे एक आणि सोबत नकाराच्या कारणाचा क्रमांक. इतक्या कमी शब्दांत कारणासकट नकार देणारी दुसरी व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. हा निरोप्या किती गौण आहे ते नोकरीच्या मुलाखतीतल्या एका जुन्या प्रश्नावरून कळतं. खुद्द सीएचमॉड या आदेशाचीच चालण्याची परवानगी कोणी काढून घेतली, तर ती परत कशी द्यायची? उमेदवाराला घाम फुटतो. उत्तर सोपं आहे. पायथनमधून किंवा पर्लमधून एका ओळीत तोच सिस्टिम कॉल करायचा. निरोप्या आजारी पडला म्हणून कर्नेल सुट्टीवर जात नाही.

आता हा कॉल पत्ता कसा वाचतो ते जरा जवळून बघू. समजा फाईल आहे ‘/होम/सुमन/हिशेब/मार्च’. कर्नेल थेट मार्चपाशी उडी मारत नाही. आधी मुळातली तिरकी रेघ, मग होम, मग सुमन, मग हिशेब, असं एकेक करत तो जातो आणि प्रत्येक डिरेक्टरीत ‘चालवण्याची’ परवानगी बघतो. डिरेक्टरीच्या बाबतीत तिचा अर्थ असतो आतून पुढे जाऊ देणं. सुमनच्या डिरेक्टरीवर ७०० असेल, तर वेब सर्व्हर तिथेच अडतो. मग मार्चला ७७७ द्या, नाहीतर तिची आरती करा. तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचं दार बिजागऱ्यांसकट उपटून ठेवलं, तरी खालच्या जिन्याला कुलूप असेल तर पाहुणा रस्त्यावरच उभा राहणार. उबुंटूने २१.०४ या आवृत्तीपासून नव्या युजरची घरची डिरेक्टरी मुळातच ७५० करून टाकली. त्यामुळे घरात ठेवलेली वेबसाइट सर्व्हरला दिसेना, म्हणून वेबसाइटच्या पानांवर ७७७ चा मारा करणाऱ्यांची चांगलीच सोय झाली. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हेच.

बरं, हा घोळ टाळता यावा म्हणून कर्नेल नकाराचे दोन वेगळे प्रकारही सांगतो. सीएचमॉड करताना १३ क्रमांकाचा नकार आला, म्हणजे ‘परमिशन डिनाइड’, तर वाटेतली एखादी डिरेक्टरी आडवी आली. १ क्रमांकाचा आला, म्हणजे ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’, तर बहुधा तुम्ही त्या फाईलचे मालक नाही. कारण सीएचमॉड कॉल फाईलवरच्या वाचण्या-लिहिण्याच्या खुणांकडे ढुंकूनही बघत नाही. तो मालकी बघतो. आपल्याच फाईलवर ००० लावून तिची सगळी दारं बंद केलीत तरी ती पुन्हा उघडण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो. उलट दुसऱ्याची ७७७ असलेली फाईल तुम्ही पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा लिहू शकाल, पण तिच्या परवानगीतला एक बिटही हलवू शकणार नाही. पुसण्याचा न्याय आणखी तिसराच. फाईल पुसता येते की नाही हे ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर ठरतं. तेव्हा अपलोड चालावेत म्हणून डिरेक्टरीला ७७७ देणाऱ्याने आतल्या ४०० वाल्या, डोळ्यांत तेल घालून जपलेल्या फाईलीही कोणालाही पुसायला मोकळ्या केल्या. ‘/टीएमपी’ ही सगळ्यांची सामाईक डिरेक्टरी सुद्धा नुसती ७७७ नसते, १७७७ असते. पुढचा तो एक म्हणतो: या सगळे, पण ज्याने त्याने आपापलंच पुसा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘पण काम तर होतं ना!’ होतं की, कधीकधी. नऊच्या नऊ बिट चालू केल्यावर हवा असलेला एखादा त्यात येणारच. पण ७७७ मुळेच काम अडतं अशीही उदाहरणं आहेत आणि ती मला अधिक बोलकी वाटतात. एसएसएचच्या खाजगी किल्लीच्या फाईलला ७७७ द्या. एसएसएच ठळक अक्षरांत आरडाओरडा करून ती किल्ली वापरायला नकार देतं, कारण जी किल्ली कोणीही वाचू शकतो तिला खाजगी कसं म्हणायचं? मायएसक्यूएल तर कोणालाही लिहिता येईल अशी सेटिंगची फाईल दिसली की तिच्याकडे सरळ दुर्लक्ष करतं. इथे अवदसा आठवली म्हणून कोणी अख्ख्या यंत्रणेवर, मुळापासून, सुडो लावून ७७७ चालवलं, तर पुढची गंमत बघण्यासारखी असते. सुडो या आदेशाला रूटची, म्हणजे सर्वाधिकारी युजरची, ताकद मिळते ती सेट-यूआयडी नावाच्या एका जादा बिटामुळे. ही युक्ती डेनिस रिचीची. तिच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज झाला, १९७९ मध्ये ते मिळालं आणि पुढे जनतेला वाहून टाकण्यात आलं. औदार्य म्हणायचं तर ते. ७७७ लिहिताना फाईलवरचा हा बिट शून्य होतो. म्हणजे ज्या सुडोच्या जोरावर हुकूम सोडला, त्याचीच ताकद त्या हुकमाने काढून घेतली. रूट होण्याचा ‘सू’ हा दुसरा मार्गही त्याच फटक्यात गेला. पासवर्डच्या नोंदींची फाईल गावभर वाचायला खुली, आणि दुरुस्तीला निघालेला प्रशासक मात्र दाराबाहेर. सगळ्यांना सगळं दिलं आणि ज्याच्याकडे काम होतं नेमकं त्याचंच काम बंद पडलं. हे मागे घ्यायचीही सोय नाही, कारण कॉल जुनी परवानगी कुठेच लिहून ठेवत नाही. बदल कधी झाला तेवढी वेळ नोंदवतो, म्हणजे कोणत्या मिनिटाला अक्कल गहाण टाकली ते नंतर बघता येतं.

दुसरा आक्षेप घरगुती आहे: ‘लॅपटॉप माझा, घरात मी एकटा, मग इतर म्हणजे कोण?’ इतर म्हणजे माणसं, हीच गफलत. आजच्या लिनक्सवर वेब सर्व्हर, डेटाबेस, छपाई अशा कितीतरी सेवा आपापल्या वेगळ्या युजरच्या नावाने चालतात. डेबियन आणि उबुंटूवर वेब सर्व्हरचा युजर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’. इंटरनेटवरून आलेला कोणी अनोळखी त्या सर्व्हरच्या एखाद्या भोकातून आत शिरला, की तो त्याच नावाने वावरतो, आणि तुमच्या ७७७ ने ज्याला ‘या, बसा, लिहा’ म्हटलं तो हाच. तुम्ही घरात एकटे असाल. तुमचा लॅपटॉप एकटा नसतो.

तिसरा आक्षेप थोडा हुशार आहे: ‘तात्पुरतं ७७७ करतो, काम झालं की ६०० करतो.’ तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य आपल्याकडे किती असतं ते सोडून देऊ. इथली अडचण तांत्रिक आहे. परवानगी तपासली जाते ती फाईल उघडताना. नंतरच्या प्रत्येक वाचण्या-लिहिण्याच्या वेळी नव्हे. तुमच्या त्या दोन मिनिटांत कोणी फाईल उघडून ठेवली, तर तुम्ही नंतर ६०० करा की ०००, त्याच्या हातातली फाईल काढून घेतली जात नाही. तो निवांत वाचत बसतो. याच जातीचा आणखी एक धोका म्हणजे पत्ता देऊन परवानगी बदलताना, तपासणी आणि बदल यांच्या मधल्या क्षणात कोणी त्या नावाखाली भलत्याच फाईलकडे नेणारी लिंक ठेवली, तर परवानगी त्या भलत्या फाईलची बदलते. म्हणून जाणते प्रोग्रामर फाईल आधी उघडून घेतात, मग एफसीएचमॉड वापरतात. हातात धरलेली फाईल कोणी बदलू शकत नाही.

जाणते प्रोग्रामर आणखी एका शून्यालाही जपतात. हे आकडे अष्टमानातले असतात आणि सी भाषेत ते सांगायला पुढे शून्य लावावं लागतं. आदेश ते आपोआप समजून घेतो, कॉल नाही. शून्य विसरून ७७७ लिहिलं तर ती दशमानातली संख्या होते आणि अष्टमानात तिचे १४११ होतात. मालकाला फक्त वाचता येतं, बाकीच्यांना फक्त चालवता येतं, वर ‘/टीएमपी’वाला बिट फुकट. ६४४ चं तर बघायलाच नको. त्याचे होतात १२०४: मालकाला लिहिता येतं पण लिहिलेलं वाचता येत नाही, गटाला काहीच नाही, आणि तिऱ्हाइतांनी मात्र वाचायचं. दिवाळी अंकांचं पुष्कळसं लेखन याच परवानगीवर चालत असावं, पण हिशेबाच्या फाईलला ती सोसत नाही. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत संख्येपुढे नुसतं शून्य लावलं तर भाषा अडवते, तिथे खास ‘शून्य-ओ’ लिहावं लागतं. पण शून्याशिवायचे ७७७ तीही निमूट गिळते.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र यंत्रणेवर आहे आणि तो मला अर्धा मान्य आहे. तीन रकाने आणि नऊ बिट यांत माणसांचे व्यवहार मावत नाहीत. ‘या दोघांना वाचू दे, त्या एकीला लिहू दे, आणि अमुक एकाला बिलकुल नको’ असं सांगायला जागाच नाही. शिवाय न्यायही विचित्र: तुम्ही मालक असाल तर फक्त मालकाचा रकाना बघितला जातो, त्यामुळे ०७७ असलेल्या फाईलवर गावाला मोकळीक आणि मालकालाच मज्जाव. या उणिवेवर उपाय म्हणून सविस्तर परवानगी-याद्या आल्या आणि लिनक्सवर त्या मिळतातही. गरज पडली तर जरूर वापराव्यात. तरीही नऊ बिटांची बाजू घ्यावीशी वाटते, कारण ‘एलएस’च्या एका ओळीत ते सगळे दिसतात आणि कोणालाही वाचता येतात. ज्याला नऊ बिट वाचायचा कंटाळा आहे, त्याला पानभर यादी दिली तर तो तिच्यावरही ‘सगळ्यांना सगळं’ असंच लिहिणार. रूटला तर सगळंच माफ, मग हा थाट कशाला, असंही विचारतात. सगळं माफ नाही. ज्या फाईलवर चालवण्याचा एकही बिट नाही ती रूटलाही चालवता येत नाही, आणि केवळ वाचण्यापुरत्या जोडलेल्या डिस्कवर रूटचा सीएचमॉडही नकार घेऊन परत येतो.

तेव्हा विनंती एवढीच. पुढचा नकार आला की फाईलला हात लावण्याआधी ‘नेमआय’ हा आदेश ‘एल’ पर्याय लावून पूर्ण पत्त्यावर चालवा. वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीचा मालक, गट आणि परवानगी तो एकाखाली एक छापतो. आणि संपूर्ण डिरेक्टरीवर सीएचमॉड चालवायचाच असेल, तर एंटर मारण्याआधी टिंब आणि तिरकी रेघ यांच्यामध्ये चुकून जागा पडलेली नाही ना, ते बघा. मुळावर घाव घालायला निघालात तर पुसण्याचा ‘आरएम’ आदेश लिनक्सवर आपणहून अडून बसतो. सीएचमॉडला तशी अडवणूक मुद्दाम सांगावी लागते. न सांगितल्यास तो निमूट कामाला लागतो.