नडगीच्या धन्वंतरींस

आदरणीय सर,



रविवारच्या लाँग रननंतर पोह्यांच्या गाडीपाशी तुम्ही जो मोफत दवाखाना चालवता, त्याबद्दल तुमचे जाहीर आभार मानायचे राहूनच गेले होते. केसपेपर नाही, फी नाही. पेशंटने पाय पुढे करायचा. तुम्ही एका हातात प्लेट सांभाळत दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने नडगी दाबायची. तो 'आई गं' म्हणाला की निदान पक्कं: "शिन स्प्लिंट. काही होत नाही, पळून पळून जातं!" मग खिशातून स्प्रे निघतो. नडगी असो, पोटरी असो, टाचेवरची शीर असो, रोग एक आणि औषधही एक. इतकं व्यापक यश पेनिसिलीनलाही मिळालं नव्हतं.

गंमत म्हणजे तुमचं निदान बऱ्याचदा बरोबरही असतं. नडगीची आतली कड घोट्याच्या वर वीतभर दुखते, पळायला लागलं की ठणकते, अंग तापलं की निवते. नव्याने पळणाऱ्यांचं हे नेहमीचंच दुखणं आहे. घोळ आहे तो 'पळून पळून जातं' या उपचारात. आपल्यासारख्या जाणकाराला सांगायला संकोच वाटतो, पण हाड जिवंत असतं, सर. ताण वाढला की त्यातल्या पेशी आधी जुना भाग पोखरून काढतात आणि मग नवा भरतात. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरणीला महिने लागतात. म्हणजे महापालिकेने रस्ता खणून ठेवला आहे आणि तुम्ही त्यावरून डंपर सोडताय, तेही "लवकर बुजेल" म्हणून.

आपल्या ग्रुपमधल्या त्या मुलीचंच घ्या. पाच किलोमीटर मजेत पळणाऱ्या पोरीला तुम्ही जुलैत सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या तयारीला लावलीत. एकवीस किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा. "उताराला पाय सोडून दे," हा आपला मंत्र. उताराला पाय सोडून दिले की नडगीला जो मार बसतो, तो मंत्रात बसत नसावा. ऑगस्टअखेर ती तुमच्यापुढे आली तेव्हा तिने वीतभर जागा दाखवली नव्हती. एक बोट ठेवलं होतं, एकाच ठिकाणी. रात्री अंथरुणातही ठणकतं, म्हणाली. तुम्ही स्प्रे मारलात. आठवड्याने एक्स-रे साफ आला, तेव्हा ग्रुपवर अंगठा टाकून वर "बघ, मी म्हटलं नव्हतं?" लिहिलंत. हाडाला गेलेली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसली. तेव्हा मात्र तुमचा अंगठा कुठेच दिसला नाही.

हे ज्ञान काही काल-परवाचं नाही. 1855 साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने शिपायांच्या कूच करून सुजलेल्या पावलांची नोंद केली होती. आतलं हाड मोडलेलं असतं, हे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर उमगलं. सैन्याला शिपाई हवे होते म्हणून ते शिकलं. तुम्हाला फक्त फोटोत माणसं हवी असतात.

एक बरंय, पोलीस भरतीची पोरं तुमच्या दवाखान्यात येत नाहीत. पहाटे डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, नडगी ठणकत असताना ती पळतात, कारण सोळाशे मीटरच्या गुणांवर घरादाराचं भवितव्य टांगलेलं असतं आणि पुढची जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नसतो. त्यांना थांबणं परवडत नाही. आपल्याला शेवटी मिळणार काय, तर एक मेडल आणि एक केळं. आपल्याला थांबायला काय धाड भरली आहे?

माझ्या नडगीचंही सांगतो, तुम्हाला कळवळा आहे म्हणून. "लांब ढांग टाक," असं तुम्ही म्हणाला होतात. फिजिओने नेमकं उलटं सांगितलं: पावलं आखूड आणि भराभर टाका. पळणं कमी करून सायकल धरायला लावली. गुडघा किंचित वाकवून टाचा उचलण्याचा व्यायाम दिला, कारण पळताना पोटरीतल्या खोल स्नायूवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. ड जीवनसत्त्वही तपासून घेतलं. सगळंच इतकं कंटाळवाणं की पोह्यांच्या गाडीवर सांगण्यासारखं त्यात काही नाही. नडगी मात्र निवली.

तेव्हा एक विनंती. दवाखाना बंद करा असं म्हणवत नाही, तुमचा रविवार सुना जाईल. फक्त नडगी दाबण्याआधी "कुठे दुखतं?" एवढं विचारा. बोटभर जागा दाखवली, रात्रीही दुखतं म्हणाला, पळताना पाऊल बधिर होतं म्हणाला, तर स्प्रे खिशातच ठेवा आणि त्याला हाडांच्या डॉक्टरकडे धाडा. आणि एकच पोटरी सुजून गरम लागत असेल, तर सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. ती रक्ताची गुठळी असू शकते.

कळावे,
तुमचा एक बरा झालेला पेशंट