कातळावरची खुंटी

परदेशात राहून माणूस बरंच काही शिकतो, पण तंबूची खुंटी कातळात शिरत नाही एवढं शिकून येत नाही.

पावसकडून पूर्णगडच्या वाटेला लागा, हल्ली कुठल्या ना कुठल्या वाडीत हे दृश्य दिसतंच. मागे सात-आठ खोल्यांचं चौपाखी घर. ओटी, पडवी, माजघर, देवघर, माळा, सगळं जागच्या जागी. पुढे खळ्यात, तुळशीपासून चार हातांवर, नारिंगी रंगाचा दोन माणसांचा तंबू. तंबूत घरमालक. घर दुरुस्तीला काढलंय ना! मंडळी डब्लिनची असोत की दुबईची, रीत एकच. घर घ्यायचं, कौलं एकदम उतरवायची, मग सुतार शिमग्याला जातो, शिमग्यावरून आंब्याला, आंब्यावरून लग्नांना, आणि मालक चांदण्या मोजत बाहेर.

तर ती खुंटी. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. आमच्या खळ्याखालचा कातळ कधीपासून हवा खातोय याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्याच्यावर ही बोटाएवढी अ‍ॅल्युमिनियमची खुंटी, कुठल्या तरी विलायती गवतासाठी घडवलेली. पहिल्या ठोक्याला ती वाकते, दुसऱ्याला उडते, तिसऱ्याला मालक अंगठा धरून बसतात. मग एक दोरी तुळशीवृंदावनाला, दुसरी आजीच्या पाट्याला, तिसरी गाडीच्या आरशाला. मालक दूध आणायला गाडी काढतात आणि तंबू बेड्यापर्यंत त्यांना पोचवायला जातो. आत मालकीणबाई प्राणायामाला बसलेल्या. शेवटी रत्नागिरीहून ड्रिल मशीन येतं, शेजाऱ्याच्या मीटरवरून वीज येते आणि कातळाला चार भोकं पडतात. घरात अजून साधा खिळा ठोकलेला नाही, पण तंबूचा पाया पक्का. आता याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी कुणी कुणी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली. कशेळीच्या सड्यावर जाऊन बघा. 2022 साली कोकणातली ही कातळशिल्पं जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. आणखी हजार वर्षांनी संशोधक येतील आणि आमच्या खळ्यात त्यांना चौकोनात पाडलेली चार भोकं सापडतील. एक म्हणेल, हा नक्षत्रांचा नकाशा. दुसरा म्हणेल, पर्जन्यदेवतेचा विधी. तिसरा बिचारा लिहील की, इथली माणसं स्वतःचं घर असताना घराकडे पाय करून बाहेर झोपत असत. त्याचा प्रबंध नाकारला जाईल.

खुंटी बसली की मालक निवांत होतात आणि निवांत झाले की घर बघायला निघतात. दुसरं घर. कारण पहिल्याच्या पाच हिस्सेदारांपैकी तिघांच्या सह्या झाल्यात, चौथा बडोद्याला असतो, पाचवा वारला आणि त्याच्या वारसांची नोंद व्हायचीय. तोवर हाताशी एखादं असावं म्हणून गावखडी, आडिवरे, नेवरे, मालगुंड अशी फेरी. शेतजमीन घ्यायला आपल्याकडे शेतकरी असावं लागतं, परदेशस्थाला तर ती विकत घेताच येत नाही. म्हणून घर स्वतःच्या नावावर आणि आगर मेहुण्याच्या. मेहुण्याने पोफळ आयुष्यात फक्त सुपारी फोडताना बघितलेली. अटी मात्र ठरलेल्या. समुद्र दिसला पाहिजे, पण खारा वारा नको. पाखाडी हवी, पण गाडी दारात आली पाहिजे. शेजार हवा, कोंबडा नको.

इथवर हसण्यासारखं आहे. पण ही मंडळी फिरता फिरता नांदत्या घरात शिरतात. ओटीवर म्हातारी कुळीथ निवडत बसलेली असते. तिला विचारतात, "आजी, हे घर विकायचंय का?" आजी आधी कोकम सरबत देते, कुणाचे कोण ते विचारते आणि मग सांगते, "मालकांना विचारा." मालक भिंतीवर, हारासकट. पाहुणे फोटोपुढे पण जाऊन उभे राहतात, कारण फोटोमागच्या भिंतीचा गिलावा निघेल का ते बघायचं असतं.

गिलाव्याचं तर बोलायलाच नको. खाली लाल चिरा दिसतो म्हणून सगळा खरवडायचा. अहो, जांभा सच्छिद्र दगड आहे, पाणी पितो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे, आणि तो सरळ पडत नाही, आडवा मारतो. म्हाताऱ्या माणसांनी पडवीला झापं बांधून ती झड अडवली, भिंती लिंपल्या, त्या काही त्यांना दगड आवडत नव्हता म्हणून नव्हे. आणि कौल म्हणे 'मूळचंच' हवं! मंगळूरला कौलांचा कारखाना निघाला 1865 साली. त्याआधी इथे नळे होते, नळ्यांआधी केंबळ. मूळचं हवंच असेल तर गवत शाकारा आणि दरसाल बदला.

दरसाल. सगळं अडतं ते इथेच. कौलारू घर एकदा नीट करून ठेवायची वस्तू नव्हे. वैशाख आला की कोणीतरी आढ्यावर चढायचं, कौलं परतायची, फुटकी काढायची, वाळवी लागलेली रीप बदलायची, आणि खाली उतरेस्तोवर माकडांनी दुसऱ्या पाख्यावर नाचून घ्यायचं. या कामाला माणूस मिळत नाही म्हणून आमच्या वाडीत निम्म्या घरांवर पत्रे आले. हौसेने नव्हे. ज्याला वासा ओळंब्यात बसवता येतो असा जो एक सुतार उरलाय, तो महिनाभर तंबूवाल्यांच्या दाराचा निळा रंग खरवडतोय. तो रंग त्याच्या बापानेच दिला होता. खरवडण्याची मजुरी बापाला वर्षाकाठी मिळत नसेल एवढी आहे, त्यामुळे त्याला बोल लावायचा कुणी? बोल लावायचा तो या अंगण-विहाराला 'साधं जगणं' म्हणणाऱ्यांना. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडातली छपरं उडवली, तेव्हा तिथल्या माणसांनीही उघड्यावर रात्री काढल्या. ताडपत्रीखाली, पोराबाळांसकट, ओल्या धान्याच्या पोत्यांना टेकून. कुणी त्यांचा सूर्योदयासकट फोटो काढला नाही. पंचनाम्यासाठी काढला तेवढाच, आणि त्यात फक्त नुकसान दिसायला हवं होतं.

तेव्हा खरेदीखताला एक कलम जोडा, एवढीच मागणी आहे. घेणाऱ्याने वैशाखात एकदा स्वतः आढ्यावर चढावं आणि सगळा पाखा परतावा. मग मिरग पडू द्यावा. आषाढ आणि श्रावण त्याच छपराखाली, माजघरात, गळतीखाली पातेली सरकवत काढावेत. गोकुळाष्टमीपर्यंत टिकला तर दस्त नोंदवा. साक्षीदार म्हणून गावकरी नकोत, ते चहावर फुटतात. समोरच्या फणसावरची माकडं घ्या. ना हरकत दाखला त्यांचाच चालेल. ती कागदपत्रं मागत नाहीत. कौल पायाखाली कडकन मोडलं की, आतून माणूस काठी घेऊन धावतो की मोबाइल घेऊन, एवढंच बघतात.