अपुरी सिंफनी पुरी करताना : नवशिक्यांसाठी

आधी संगीतकार खरोखर वारला आहे याची खात्री करून घ्या. तो हयात असेल तर सिंफनी अपुरी नसते, नुसती लांबलेली असते.

पहिल्याच झटक्यात शूबर्टच्या अपुऱ्या सिंफनीला हात घालू नका. त्याने 1822 मध्ये दोन मूव्हमेंट लिहिल्या, तिसरी अर्ध्यात सोडली आणि त्यानंतर चांगला सहा वर्षं जगला. म्हणजे मरणाने हात धरला, ही सबब तिथे चालत नाही. 1865 मध्ये व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली तेव्हा वाद्यवृंद-संचालक हेर्बेकने शूबर्टच्याच तिसऱ्या सिंफनीचा शेवट तिला जोडला. थोरल्याच्या सदऱ्याला धाकट्याची बाही! आज दोनच मूव्हमेंट वाजतात आणि लोक तृप्त होऊन घरी जातात. तिथे तुमचं काही अडलेलं नाही.

सरावासाठी एडवर्ड एल्गर बरा. बीबीसीने 1932 मध्ये त्याच्याकडून तिसरी सिंफनी मागवली. फेब्रुवारी 1934 मध्ये तो गेला, तेव्हा मागे राहिली ती टिपणांची 130 हून जास्त पानं.

ही पानं उघडण्याआधी मृताची इच्छा पाहून घ्यावी. रीड या व्हायोलिनवादक मित्राला त्याने बजावलं होतं, याच्याशी कुणाला खेळू देऊ नकोस. डॉक्टरांना मात्र म्हणाला होता की पन्नास नाहीतर पाचशे वर्षांनी कुणीतरी ही पुरी करेल, किंवा हिच्याहून चांगली लिहील. दोन्ही बोल त्याचेच. सोयीचा असेल तो अधोरेखित करा.

रीडने पुढे 1936 मध्ये आपल्या पुस्तकात त्यातली बरीच पानं जशीच्या तशी छापून टाकली. मित्र असावा तर असा. वारस पुष्कळ वर्षं नकारावर ठाम होते. पण 2005 उजाडताच कॉपीराइट संपणार होता आणि त्या छापील पानांवर मग कुणीही हात साफ करून घेतला असता. त्यापेक्षा आपणच भला माणूस निवडलेला बरा, असा हिशेब करून त्यांनी संगीतकार अँथनी पेन याला परवानगी दिली. शेवटच्या इच्छेपुढे कॅलेंडर जिंकलं. (वारस मालरचे असतील तर वाद घालू नका, ऐकवा. त्याची अपुरी दहावी सिंफनी पुरी करण्यावर बंदी घालून बसलेल्या त्याच्या पत्नीने, आल्माने, 1963 मध्ये ध्वनिमुद्रण ऐकलं आणि बंदी उठवली.)

आता प्रत्यक्ष काम. एल्गर सलग लिहीत नसे. इथला तुकडा, तिथला तुकडा, कोणता कुठे बसतो याचा पत्ता नाही. त्यातले काही त्याने स्वतःच्याच जुन्या 'आर्थर' नाटकाच्या संगीतातून उचललेले, तेव्हा इतर कपाटंही धुंडाळावी लागतात. सुरुवातीची थोडी पानं मात्र त्याच्या हातची, वाद्यांची वाटणी केलेली. ती नीट ऐका : मधला गंधार गाळून नुसते सा आणि प, उघडेबोडके, परस्परविरुद्ध दिशांना चालत निघालेले. पुढची पाऊण-एक तासाची इमारत या चालीला शोभली पाहिजे. इथे हुशारी दाखवलीत की मेलात. आपला हात ओळखू येऊ नये एवढ्यासाठी पेनने केलेली मेहनत मला तरी मूळ रचनेइतकीच अवघड वाटते.

खरी गाठ शेवटाशी पडते, कारण सिंफनी संपवायची कशी, याची एकही खूण एल्गरने ठेवलेली नाही. पेनला एल्गरच्याच 'नर्सरी सूट'मधली गाडी आठवली. लांबून येते, समोरून जाते, दिसेनाशी होते. त्याच धर्तीवर त्याने शेवट रचला आणि अखेरीस टॅमटॅम या मोठ्या थाळीचा एक हलका ठोका ठेवला.

मुखपृष्ठावर 'पूर्ण केली' असं लिहू नका. पेनने 'एल्गरच्या टिपणांचा विस्तार' एवढंच म्हटलं आणि त्या एका शब्दासाठी मी त्याला बाकी सगळं माफ करतो.

15 फेब्रुवारी 1998 ला लंडनमध्ये ती पहिल्यांदा वाजली. तो शेवटचा ठोका विरतो, टाळ्या सुरू होतात. अशा वेळी खुर्चीतून उठून वाकायचं की शेजाऱ्यासारखं टाळ्या वाजवत बसायचं, हे तेवढं तुमचं तुम्ही ठरवा.