एका पायाचा मावळा

मातीचे मावळे जमवायची हौस लागली असेल, तर रंग-ब्रश घेण्याआधी घरचा माळा पाहून घ्या. नेरूळच्या आमच्या वन बीएचकेत माळा एकच, आणि त्यावर पापडाचा डबा, गौरीचे मुखवटे आणि सासूबाईंचं घंगाळ ही तीन संस्थानं आधीपासून नांदतात. माझ्या त्रेसष्ट मावळ्यांची छावणी म्हणून चपलांच्या खोक्यात.

खरेदीत सगळ्यांचं पाऊल चुकतं ते मापात. दिवाळीआधी हातगाडीवर प्रत्येक चित्र गोजिरवाणं दिसतं. घरी किल्ल्यावर मांडलं की कळतं, गवळण बुरुजाहून उंच आहे आणि गुहेतला वाघ तिच्या कोंबडीला टरकून असणार. न्युरेंबर्गच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकातच यावर तोडगा काढला. कथलाचे चपटे शिपाई ३० मिलिमीटर उंचीचे, त्यामुळे कुणाचाही घोडेस्वार कुणाच्याही पलटणीत खपतो. आपल्याकडे महाराज मात्र सगळ्यांहून मोठेच असायचे. तिथे फूटपट्टी काढायची माझी प्राज्ञा नाही.

मी पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणतो. महाराजांना थेट शिवनेरीतून आणलं, असं लोकांना सांगतो. शिवनेरी म्हणजे एसटीची बस, हे सांगत नाही.

रंगकामाचं सांगतो, कारण त्यात मी पोळलोय. मूर्ती आधी गालाला लावून पाहा. गार लागली तर आत ओल आहे. मग पांढऱ्या रंगाचा पातळ हात. तो चुकवून मी भाजक्या मातीवर थेट भगवा लावला, तर मातीने तो घटाघटा प्यायला आणि फेटे चॉकलेटी झाले. डोळे सर्वांत शेवटी, झिरो नंबरच्या ब्रशने, आणि चहा अंगात भिनायच्या आत. माझी पहिली तुकडी डावीकडेच बघते. गडाला चार दिशा असतात, पण पहारा फक्त वॉशिंग मशीनवर.

आणि पोस्टर कलर वापरू नका. किल्ल्यावर अळीव पेरला की रोज पाणी शिंपडावं लागतं. वसुबारसेच्या संध्याकाळी अकरा जणांच्या मिशा हनुवटीवर उतरल्या. शेजारचा चौथीतला मुलगा बराच वेळ बघत होता. म्हणाला, “काका, हे रडतायत का?” तेव्हापासून ॲक्रिलिक, वर वॉर्निश.

मातीचं तर विचारू नका. सिडकोने खाडीकाठी भराव घालून शहराचा बराच भाग उभा केला. आता सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, त्यामुळे सह्याद्री मी नर्सरीतून पोत्याने विकत आणतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत १२ मराठा किल्ले गेले. आमच्या बाल्कनीचा विचार झालेला दिसत नाही.

मोडलेलं चित्र टाकू नका. हान्स अँडरसनच्या १८३८ सालच्या गोष्टीत एका कथलाच्या चमच्यातून पंचवीस शिपाई ओततात आणि शेवटच्याच्या पायाला कथील पुरत नाही. माझ्या मावळ्याचा पाय मी झाडू मारताना गेला. त्याला मी तोफेला टेकवून उभा करतो. लांबून पाहणाऱ्याला तो निशाणा धरतोय असंच वाटतं.

यंदा बायकोने आपणहून माळ्यावरचा पापडाचा डबा खाली काढला. मला भरून आलं. खोकं घेऊन मी स्टुलावर चढलो, तर तिथे दिव्यांच्या माळा येऊन बसल्या होत्या.