काम प्रगतिपथावर आहे

हे वाक्य आपल्या पालिकेने शोधले असा गैरसमज आहे. खरा मान लिओनार्दो दा विंचीचा. 1481 साली फ्लॉरेन्सजवळच्या सान दोनातो मठातल्या साधूंनी त्याच्याकडे वेदीसाठी चित्र सोपवले. मुदत 24 महिने, फार तर 30. गड्याने तपकिरी रंगात माणसे, उधळलेले घोडे, पडके जिने असा भन्नाट पसारा मांडला आणि तो मिलानला निघून गेला. साधूंनी वाट पाहिली, बरीच वर्षे पाहिली. शेवटी फिलिप्पिनो लिप्पीने 1496 मध्ये त्याच विषयावरचे चित्र त्यांना करून दिले. त्याने ते पूर्ण केले, हीच बिचाऱ्याची चूक! आज दोन्ही चित्रे उफिझीत आहेत. गर्दी कोणापुढे होते, हे सांगायला नको.

मिलानमध्ये तरी सुधारावे? तिथेही एका वेदीच्या चित्राचा 1483 चा करार, चित्र त्याच डिसेंबरात हवे होते. मग पैशांवरून तंटा, अर्जफाटे, आणि वेदीवर चित्र चढले ते 1508 मध्ये, तेही त्याच चित्राची दुसरी आवृत्ती. लंडनच्या नॅशनल गॅलरीत ते नीट पाहा: देवदूताचा एक हात अजून व्हायचाच आहे. पंचवीस वर्षे कमीच पडली म्हणायची.

मोनालिसा तर साहेब थेट फ्रान्सला घेऊन गेले. जिचे हे चित्र, तिच्या रेशीमव्यापारी नवऱ्याने भिंतीत हौसेने खिळा ठोकून ठेवला असेल, तर त्यावर पुढे काय टांगले कोण जाणे. बहुधा टोपी.