मंडळाचं संवर्धनकार्य

आमच्या तालुक्याच्या इतिहास मंडळाचं संशोधन मुख्यतः सत्कारांवर चालतं. शाल, श्रीफळ, अध्यक्षीय मनोगत, मग बटाटेवडा. महाराज गावात मुक्कामाला होते यावर सगळ्यांचं एकमत. कुणाच्या वाड्यात, यावर मात्र दोन गट. दोन्ही गटप्रमुखांना वडिलोपार्जित वाडा आहे, हा निव्वळ योगायोग.

वेशीवरच्या वीरगळाला मंडळानं संवर्धन म्हणून ऑइलपेंट दिला. वरच्या टप्प्यातलं शिवलिंग चकचकीत काळं, मधल्या अप्सरा गुलाबी. अगदी खाली लढताना पडलेला वीर मात्र डबा संपल्यामुळे दगडीच राहिला. शेजारी ग्रॅनाइटची पाटी, तीवर अख्ख्या कार्यकारिणीची नावं. वीराचं नाव? त्यासाठी उपसमिती नेमली आहे.

इतिहाससंशोधक राजवाड्यांनी वाईत सापडलेल्या कागदांवरून १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि पुढे दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली. आमच्याकडे मोडी कागदांचं गाठोडं आयतंच कपाटात आहे. वाचणारं कुणी नाही, पण दर दसऱ्याला पूजा होते, हळदकुंकू थेट कागदावर. वाळवीला बहुधा मोडी येत असावी. तिचं निम्मं दप्तर वाचून झालंय.