चौथीचा मान

बक्षीस समारंभात पहिल्या तिघांचे फोटो निघतात. चौथ्याला उत्तेजनार्थ म्हणून एक पेन देतात आणि पुढचे नाव पुकारतात. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये जो लघुग्रहांचा पट्टा आहे, तिथे हे पेन हायजियाच्या वाट्याला आले आहे. सेरेस, व्हेस्टा, पॅलस आणि मग ही. व्यास सुमारे ४३० किलोमीटर, म्हणजे अंगापिंडाने चांगली भरलेली. तरी चारचौघांत तिचे नाव काढून पाहा. कोणी मान डोलावली तर ती सभ्यपणापोटी.

१२ एप्रिल १८४९ रोजी नेपल्समध्ये अनिबाले दे गास्पारिस यांना ती सापडली. शोध लागण्यात तिचा क्रमांक दहावा. तिच्याहून मोठे तिघे आधी सापडले, हे समजू शकते. पण तिच्यापेक्षा लहान असे सहा जणही पुढे निघून गेले होते. जुनो तर १८०४ मध्येच सापडली, आणि तिचा व्यास हायजियाच्या साधारण निम्मा. मुख्य कारण, रंग. हायजियाचा पृष्ठभाग कार्बनयुक्त, काळपट; अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम सात टक्के ती परत पाठवते. व्हेस्टा चाळीसेक टक्के परत करते आणि अगदी काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनाही दिसून जाते. उजळ असले की लवकर नजरेत भरते. लग्नाच्या बाजारात हे आपल्याला कधीचेच ठाऊक आहे, आकाशातही तीच रीत असेल असे मात्र वाटले नव्हते.

बारशातही घोळ. नेपल्सच्या वेधशाळेच्या संचालकांनी ग्रीकांच्या आरोग्यदेवीचे नाव ठेवले, आणि गादीवर बूर्बों घराण्याचा राजा असल्यामुळे त्याला ‘बोर्बोनिका’ असे शेपूट जोडले. सरकारी पगारावर दुर्बीण चालवणाऱ्याला एवढे करावेच लागत असणार. पण १८५२ पर्यंत इतर देशांच्या खगोलशास्त्रज्ञांनी ते शेपूट बिनदिक्कत छाटून टाकले होते. पुढच्या दहा वर्षांत राजाची गादीही गेली. हायजिया आपली साडेपाच वर्षांत सूर्याची एक फेरी, या हिशेबाने चालतच राहिली.

तिच्या दिवसाची लांबीसुद्धा बरीच वर्षे चुकीची मांडली गेली. लांबट लघुग्रह स्वतःभोवती एकदा फिरला की त्याचा उजेड दोनदा वाढतो, दोनदा उतरतो. तोच ठोकताळा हिला लावून दिवस साडेसत्तावीस तासांचा धरला गेला. पुढे चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने (दुर्बीण थोर, नाव ठेवणारा घाईत असावा) तिचे नीट फोटो काढले, तेव्हा कळले की ती लांबट नाहीच, जवळजवळ चेंडूसारखी गोल आहे आणि तिचा दिवस १३.८ तासांचा आहे. एका फटक्यात अर्धा दिवस कापला गेला. हे कुठल्या कार्यालयात घडले असते तर संप झाला असता.

२०१९ साली जाहीर झालेल्या या फोटोंनी आणखी एक पेच टाकला. हायजियाच्या आसपास जवळजवळ सात हजार लहान दगडांचे गोत आहे, सगळे एकाच जुन्या टकरीतून निघालेले. एवढा ऐवज बाहेर पडला म्हणजे अंगावर तेवढा मोठा खड्डा हवा. पृष्ठभागाचा ९५ टक्के भाग तपासला. दोनच विवरे ठळक दिसली, आणि दोन्ही त्या मानाने किरकोळ. मग संगणकावर ती टक्कर पुन्हा घडवून पाहिली. निष्कर्ष असा निघाला : सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी ७५ ते १५० किलोमीटर व्यासाचा एक धोंडा मूळ लघुग्रहावर समोरून आदळला आणि त्याचे पार तुकडे तुकडे झाले. त्यांतले बहुतेक तुकडे आपल्याच गुरुत्वाकर्षणाने पुन्हा गोळा झाले आणि पाण्यासारखे वाहत गोल आकारात स्थिरावले. खड्डा सापडणार कुठून? ज्या अंगावर पडायचा, ते अंगच उरले नव्हते.

गोल आकार ही बटुग्रह होण्याची एक मुख्य अट. हायजिया ती पुरी करते असे संशोधकांचे म्हणणे आहे. अधिकृत यादीत मात्र पट्ट्यातल्या एकट्या सेरेसचे नाव आहे. हिचा अर्ज विचाराधीन. सेरेस आणि व्हेस्टा या दोघींकडे ‘डॉन’ यान गेले, हिच्याकडे अजून कोणी फिरकलेले नाही.

तेव्हा निदान आपण तरी बघावे. ती सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येते त्या दिवसांत काळोख्या गावी चार इंची दुर्बीणही पुरते. ताऱ्यांचा नकाशा जवळ ठेवा आणि दोन-तीन रात्री लागोपाठ तोच भाग पाहा. जो ठिपका जागा बदलेल, ती हायजिया.